टाक्यांचं वेबिल

मी विणलेल्या पहिल्या मफलरात सुरुवातीला ४० टाके होते आणि शेवटी ५३. मधे कुठं कुणाला चढवल्याचं मला आठवत नाही. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला ही गोष्ट किती लागावी, ते ज्यानं कधी वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरलंय त्यालाच कळेल. परभणीहून ४० तिकिटं देऊन निघालो आणि जिंतूरला ५३ डोकी उतरली, म्हणजे तेरा जण विनातिकीट. वाटेत चेकिंगची जीप उभी असती तर मेमो ठरलेला. इथं चेकिंगला आमची अक्का होती. तिनं मफलर मांडीवर घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चिमटीतून सरकवला आणि म्हणाली, "बाळ्या, हे मफलर हाय का नांगराचा फाळ?"

अक्का माझी मोठी बहीण, वय ७४. मी ६१. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. रात्रपाळीला वॉर्ड निजला की तिच्या पिशवीतून सुया निघायच्या, आणि सकाळी पाळी संपेपर्यंत कुण्या तान्ह्या लेकराचं टोपडं तयार असायचं. साखरेनं तिची नजर नेली. आता उजेड, अंधार आणि दारात कुणीतरी उभं आहे, एवढंच तिला कळतं. दाजी गेल्यापासून ती आमच्याकडंच असते. बोटं सांध्यात आखडलीत, त्यामुळं तिच्या सुया गेली काही वर्षं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडून होत्या.

त्या डब्याला हात लागला तो माझ्या निळ्या हाफ स्वेटरमुळं. १९९१ च्या हिवाळ्यात अक्कानं मला तो दिला. तेव्हा मला मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी गावात जायचं, रात्री गाडीतच सीटवर आडवं व्हायचं आणि पहाटे पाचला तीच गाडी घेऊन परत. परभणीची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांना मराठवाडा म्हटलं की फक्त ऊन आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत इथं कोरडी हवा, मोकळं आभाळ, त्यामुळं दिवसा तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब वर सोडून देते. पारा एक आकड्यात येतो, आणि दुपारी बारा वाजता तुम्ही तोच स्वेटर काढून खांद्यावर टाकलेला असता. पहाटे गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा, थंडीचा. त्या काळात खाकीवर चढवायला माझ्याकडं हा एकच स्वेटर.

तो टिकला तीस वर्षांच्या वर. फक्त उजव्या खांद्यावर विरला, कारण पैशाच्या चामडी बॅगेचा पट्टा त्याच जागी घासायचा. निवृत्त झालो तेव्हा तिथं जाळी होती, मागच्या दिवाळीला भोक झालं. अक्काकडं घेऊन गेलो, म्हटलं जरा दोन टाके घालून दे. तिनं भोकात बोट घातलं, आजूबाजूची वीण चाचपली आणि म्हणाली, "हे रफूनं धरणार नाही. उसवून परत विणावं लागंल. डबा काढ."

"कुणी विणायचं?"

"तुला काय काम हाय दिवसभर?"

हे खरंच होतं.

अक्काला दिसत नाही, मला येत नाही, अशी आमची शाळा सुरू झाली. ती माझ्या मागं पलंगावर बसायची, मी खाली पाटावर. दोन्ही बाजूंनी हात घालून माझी बोटं धरायची. आत घाल, वळसा दे, बाहेर ओढ, सोड. सुलट टाका म्हणजे एवढंच. उलट म्हणजे तेच, फक्त धागा पुढं घेऊन आणि सुई समोरून. एका बाजूनं जो सुलट दिसतो तोच मागून उलट असतो, हे कळायला मला चार दिवस लागले, कळलं तेव्हा मी मोठ्यांदा "अरे!" म्हणालो आणि स्वयंपाकघरातून ही धावत आली. सुलट टाका बोटाला ज्वारीच्या पानासारखा लागतो, मधे दुमडलेला. उलट टाका म्हणजे आडवी गाठ, तांदळाच्या दाण्याएवढी. मी डोळ्यांनी ओळखतो, अक्का बोटानं. तिचं जास्त बरोबर असतं.

सुयांच्या नंबरानं मला पहिल्यांदा फसवलं. मी दुकानात जाऊन ऐटीत म्हटलं, जाड सुया द्या, १२ नंबर. दुकानदारानं काड्यांसारख्या बारीक सुया पुढं केल्या. आपल्याकडचे नंबर उलटे चालतात: नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन. मोबाइलवर नमुने बघितले तर तिथं सगळं मिलिमीटरमध्ये, त्यामुळं हे भाषांतर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आणखी एक घोळ म्हणजे अक्काच्या भाषेत ओळीलाही सुईच म्हणतात. "दोन सुया सुलट घाल" असं ती म्हणाली आणि मी डब्यातून आणखी दोन सुया काढल्या.

तर मफलर. सगळ्या ओळी सुलट, नवशिक्याला दुसरं काही द्यायचं नसतं. शिवाय अशी वीण कडेला गुंडाळत नाही, पट्टी सपाट राहते. पुण्याच्या पोरासाठी घेतला होता. एवढं सोपं असून १३ टाके वाढले कसे, याचा छडा अक्कानं लावला. मला ओळीचा पहिला टाका घालायला सांगितला आणि माझ्या हातावर हात ठेवून बसली. ओळ उलटवली की धागा सुईच्या खाली, समोर असायला पाहिजे. मी तो सुईवरून मागं ओढायचो. त्यामुळं पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर यायचे आणि मला तिथं दोन टाके दिसायचे. मी इमानदारीत दोन्ही विणायचो. एकाच प्रवाशाला दोन तिकिटं दिल्यासारखं.

त्या दिवसापासून मी वेबिल ठेवतो. खरोखरचं. वहीत रकाने आखलेत: ओळ, सुरुवातीला टाके, चढले, उतरले, शिल्लक. दर दहा ओळींनी मोजणी. चढले म्हणजे मुद्दाम वाढवलेले, उतरले म्हणजे दोन टाके जोडून कमी केलेले. शिल्लक जुळली नाही तर पुढं जायचं नाही. ओळी मोजायला दोन वाट्या आणि तुरीचे दाणे. ओळ झाली की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. मोबाइलवर म्हणे यासाठी अ‍ॅप आहे. असू दे.

मफलर पोराला पाठवण्यासारखा नव्हताच. हिनं तो एके रात्री दह्याच्या भांड्याला गुंडाळला. थंडीत विरजण लागत नाही, सकाळी दूध तसंच पातळ असतं, हे तुमच्याही घरी होत असेल. ४० टाक्यांचं अरुंद टोक तळाशी, ५३ चं रुंद टोक झाकणावरून. जणू त्या पातेल्याचं माप घेऊनच विणलाय. सकाळी दही असं घट्ट की वाटी उपडी करा. तेव्हापासून तो दह्याचा मफलर. पोराला विकतचा घेऊन दिला.

टोपीबद्दल फार सांगत नाही. नातवासाठी घेतली, टाके घालतानाच धागा इतका आवळला की कड ताणेचना. लेकराच्या डोक्यात घालताना ते रडलं आणि मीही रडायचा बाकी राहिलो. आता ती अक्काच्या गरम पाण्याच्या पिशवीला घालतात. गुडघ्याला चटका बसत नाही, असं ती म्हणते. सुरुवातीचे टाके दोन सुया एकत्र धरून घालायचे आणि मग एक सुई काढून घ्यायची, ही युक्ती तिनं मला टोपी संपल्यावर सांगितली.

आता डबल.

डबल आमचा कुत्रा. आगारात उभ्या असलेल्या एका भंगार गाडीखाली कुत्री व्याली होती, त्यातलं एक पिल्लू मी बॅगेतून घरी आणलं. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. हे पिल्लू कधीच थांबत नव्हतं, म्हणून डबल. आता बारा वर्षांचा झालाय. पाठीवरचे केस विरळ झालेत, आणि पहाटे ओट्यावर असा कापत बसतो की बघवत नाही. गावातल्या कुत्र्याला स्वेटर म्हटल्यावर आमच्या गल्लीनं जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. पारावरच्या एकानं विचारलं, "कंडक्टर, खिसा ठेवणार का? सुट्टे ठेवायला?"

कुत्र्याचं माप तीन ठिकाणी घ्यायचं. मान, पुढच्या पायांच्या मागं छातीचा सगळ्यात रुंद भाग, आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. नर असेल तर पोटाखालचा भाग तोकडा ठेवायचा, नाहीतर पाय वर केला की सगळं भिजतं. हे मला दुसऱ्या प्रयत्नात समजलं, एवढंच सांगतो. दुकानातून मरून रंगाची अ‍ॅक्रिलिक आणली, १० नंबरच्या सुया, मानेपासून सुरुवात. मान दोन सुलट दोन उलट, म्हणजे ताणते. पायांची भोकं करायला एका ओळीत मधले टाके बंद करायचे आणि पुढच्या ओळीत तेवढेच नव्यानं घालायचे. वेबिलात त्या दिवशी लिहिलंय: उतरले १२, चढले १२. ऐन थंडीत स्वेटर झाला. मी शेपटीकडचे टाके बंद केले, शेवटच्या टाक्यातून धागा ओढून घेतला आणि उरलेलं हातभर टोक तसंच लोंबतं ठेवलं. अक्का म्हणाली होती, टोक मोठ्या सुईत ओवून विणीत उलटसुलट फिरव, मग काप. मी म्हटलं, सकाळी करू.

सकाळी डबल स्वेटर घालून फिरायला गेला. रुबाब होता. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा त्याच्या अंगावर छातीपर्यंतच स्वेटर होता आणि मागून एक मरून धागा फाटकाच्या बाहेर गेलेला. मी धाग्याच्या मागं निघालो. फाटकातून बाहेर, नळाच्या चबुतऱ्याला वळसा, किराणा दुकानाच्या बाकड्याखालून, तिथं दोन म्हातारे बसलेले, त्यांनी न बोलता पाय उचलले. पुढं एका स्कूटरच्या स्टँडला दोन वेढे. मग उकिरड्याच्या कडेला बाभळीचं एक झुडूप, आणि तिथल्या एका काट्याला माझं ते हातभर टोक, जसं काही कुणी बांधून ठेवलंय. टाके बंद केले त्या बाजूनं वीण अशीच सरसर उसवत जाते. सुरुवातीच्या बाजूनं उसवायला गेलात तर घामटा निघतो. हे ज्ञान मला तिथं, बाभळीपाशी, हातात गुंडा करत उभं असताना झालं. मागून पोरं येत होती. एकजण ओरडला, "आबा, पतंग कुठं गेला?"

उरला तो छातीपुरता तुकडा. त्याचे मोकळे टाके सुईवर घेऊन बंद केले, या वेळी टोक सहा वेळा ओवलं. डबलला तो आता तोकडा होता. पण शेजारच्या मावशींच्या उस्मानाबादी शेळीला दोन करडं झाली होती, काळीभोर, त्यातलं एक फार बारकं. मावशी त्याला गोणपाट बांधायच्या. त्या करडाला तो तुकडा अगदी बरोबर बसला, पायांच्या भोकांसकट. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शेळीनं लेकराला चाटता चाटता मागची बॉर्डर चघळायला सुरुवात केली. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, पोटात गेलं तर महागात पडलं असतं. मावशींनी स्वेटर काढून मला परत दिला आणि परत गोणपाट बांधलं. म्हणाल्या, "गोणपाट ती खात नाही, भाऊ."

धाग्याचं हे पोटात जाणं मी आता हसण्यावारी नेत नाही. आमची मांजर मनी एका संध्याकाळी कोपऱ्यात बसून तोंड वाकडं करू लागली. जवळ जाऊन बघतो तर तोंडातून दोन बोटं मरून लोकर बाहेर. मी ओढायला हात पुढं केला. धागा दिसतोय हे मी बोललो मात्र, पलंगावरून अक्का अशी ओरडली की मनीच्या आधी मीच दचकलो. "ओढू नको! आतडी कापंल!" धाग्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढं सरकतं, आणि ताणलेल्या धाग्यावर आतडं चुण्या पडून गोळा होतं. ओढलं तर चिरतं. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेवढी सोय. पिशवीत मनी घालून रिक्षानं गेलो. तिथल्या डॉक्टरांनी भूल देऊन तोंड उघडलं, धागा घशातच होता, अलगद काढला. तेव्हापासून माझे गुंडे डब्यात, डब्यावर झाकण, झाकणावर वरवंटा.

डबलच्या थंडीचा प्रश्न तसाच होता. मेंढरं घेऊन धनगरांचा तळ दरवर्षी आमच्या बाजूच्या वावरात उतरतो. त्यातल्या एका म्हाताऱ्या मामांकडून हातानं कातलेलं काळं सूत घेतलं. आपली दख्खनी मेंढी मटणाची, तिची लोकर राठ आणि आखूड. त्याचा स्वेटर घातला तर अंगभर कुसळं टोचल्यासारखं होईल. त्याचं घोंगडंच व्हायचं. मामा सांगत होते, विणायच्या आधी घोंगड्याच्या उभ्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ते ताठ राहतं. मी त्या सुताचं ८ नंबरच्या सुयांवर चौकोनी बसकर विणलं. हाताला फोड आले, पण कड सरळ आली: सुरुवातीला ६०, शेवटी ६०. वेबिलात तारीख टाकून खाली सही केली. डबलनं ते तीनदा हुंगलं, मेंढरांचा वास आला असेल, आणि त्याच्यावर भुंकला. आता बसकरावर अक्का बसते. डबल माझ्या जुन्या खाकी शर्टावर झोपतो, ज्याला मी एक टाकाही घातलेला नाही.

फलाटाला एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात, टोपी टाकतात, क्वचित लेकरूसुद्धा आत ढकलतात. जागा धरली. मग दारातून आत येईपर्यंत त्या रुमालावर भलताच कुणीतरी बसलेला असतो, आणि भांडण सोडवायला कंडक्टर. माझ्या विणकामाचं तसंच चाललंय. रुमाल एकाचा, बसतो दुसरा. लेकीच्या बाळाला मोजे विणले त्याचंही तेच. एक मोजा भारताची मॅच बघत विणला, दुसरा घराजवळच्या देवळातलं कीर्तन ऐकत. वीण एक, टाके तेवढेच, सुया त्याच. मॅचचा मोजा घट्ट आणि बारका, कीर्तनाचा ऐसपैस. हाताचा ताण म्हणतात तो हा. मॅचचा मोजा बाळाला झाला. कीर्तनाच्या मोज्यात जावई चष्मा ठेवतात. लहानग्याच्या मोज्याबाबत अक्का फार कडक. घालायच्या आधी तिनं मोजा उलटा केला आणि आतून करंगळी फिरवून बघितली. आत एखादा सैल धागा असेल तर तो बाळाच्या बोटाला वेढा घालतो, बोट सुजतं, लेकरू नुसतं रडत राहतं आणि मोजा काढून बघायचं कुणाला सुचत नाही. वॉर्डात तिनं असं एक बोट बघितलंय. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिची तिकडं ड्यूटी लागली होती, त्या हिवाळ्यातही तिनं पुष्कळ टोप्या आणि मोजे विणले. त्याबद्दल ती एवढंच म्हणते की सगळे आतून बघून दिले होते.

एवढं सगळं झाल्यावर निळ्या स्वेटरला हात घातला. आधी बाजूच्या शिवणी उकलल्या. मग वरून, खांद्याकडून उसवत आलो, ही उसवायची बाजू कोणती ते आता मला बाभळीनं शिकवलंच होतं. अक्कानं एक तुकडा तोडायला लावून निरांजनावर धरायला सांगितला. केस जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत धरताच राख झाली. मरून धाग्याचा तुकडा धरला, तो वितळून काळा खडा झाला. "बघ," ती म्हणाली, "असली लोकर. पगार झाल्यावर आणली होती."

उसवलेली लोकर शेवयांसारखी वाकडी असते. तशीच विणली तर टाके एकसारखे येत नाहीत. तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची नाही, आणि दांडीवर टांगून खाली वजन लावायचं. मी ट्रंकेचं कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सरळ. खांद्याकडची लोकर मात्र तुकडे तुकडे होऊन गेली, तेवढी कमी पडणार. अक्का म्हणाली, गळ्याला आणि हाताच्या बॉर्डरला दुसरा रंग लाव.

लडी टांगताना मी सहज म्हणालो, अक्का, तू हा माझ्यासाठी रात्री जागून विणलास, आणि मी उसवून बसलो. ती थोडा वेळ गप्प बसली. मग हसायला लागली.

"तुझ्यासाठी कुठं रे. दाजीसाठी विणला होता. त्यांचं पोट मावंना त्यात."

तीस वर्षांच्या वर! मी ड्रायव्हरला, साहेबाला, किती जणांना सांगितलं असेल, बहिणीनं विणलाय माझ्यासाठी म्हणून. हिला बोलावून सांगितलं तर ती म्हणाली, मला ठाऊक होतं, वन्संनी तेव्हाच सांगितलं होतं.

या वेळी मी माप चुकवणार नव्हतो. आधी नमुना विणला, चार इंच बाय चार इंच. चार इंचांत २२ टाके, म्हणजे इंचाला साडेपाच. माझी छाती ३८, सैल पाहिजे म्हणून ४० धरली, पुढचा भाग त्याच्या निम्मा, २० इंच. वीस गुणिले साडेपाच, ११०. तिकिटाच्या हिशोबापेक्षा सोपं. ११० टाके १२ नंबरवर घातले, दोन सुलट दोन उलट बॉर्डर, आणि हिशोब असा जुळला की दोन्ही कडांना दोन दोन सुलट. बॉर्डर संपून १० नंबरवर गेलो, चार बोटं साधी वीण झाली. काल संध्याकाळी अक्काला दाखवायला दिला.

तिनं बोटं विणीवरून फिरवली. डावीकडून उजवीकडं, हळूहळू, जपमाळ ओढल्यासारखी. मधे थांबली, मागं गेली, परत थांबली. "इथं उलट पडलाय. वरून अकरावी ओळ."

मी चष्मा चढवून बघितलं. काही दिसेना. दिव्याखाली धरलं, मोजून अकरावी ओळ गाठली. होता. सुलटच्या खांबात एक तांदळाचा दाणा.

"राहू दे का?" मी विचारलं.

"तुझा स्वेटर हाय. तू ठरव."

असं म्हणून माणसाला मोकळं सोडणारी ती नाही, हे मला माहीत होतं. ११० टाके अकरा ओळी उसवायचे म्हणजे दोन दिवसांचं काम. पण त्याची गरज नसते. ज्या खांबात चूक आहे तेवढाच एक टाका सुईवरून उतरवायचा. उतरवला. त्याची शिडी करत करत खाली यायचं, एकेक पायरी बोटानं मोकळी करत. अकरा पायऱ्या झाल्या, दाणा सुटला. मग क्रोशाची सुई समोरून टाक्यात घालायची, शिडीची सगळ्यात खालची पायरी आकड्यात पकडून त्यातून ओढायची, झाला सुलट. पुढची पायरी. शेजारचे १०९ जण सुईवर तसेच बसून. माझा हात कापत होता. सातव्या पायरीवर धागा चिरला, परत सोडला, परत घेतला. अकराव्याला टाका वर आला, तो डाव्या सुईवर नीट बसवला आणि काम पुन्हा अक्काच्या मांडीवर ठेवलं.

तिनं त्याच खांबावरून अंगठा वर नेला, खाली आणला.

"आता हिवाळा सरला की रे," ती म्हणाली. शिवरात्र झालीय, औंढ्याची यात्रा उलगडली, आणि शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते असं आमच्याकडं म्हणतात. दुपारी पंखा लावावा लागतो. लोकर घामानं बोटाला चिकटते, म्हणून ही मला टाल्कम पावडरचा डबा शेजारी ठेवून देते आणि वर म्हणते, मे महिन्यात घालून मिरवा.

वेबिलात कालची नोंद: ओळ ४६. सुरुवातीला ११०, चढले ०, उतरले १, परत चढला १. शिल्लक ११०.